उत्तराच्या कपाळी विशेषण

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरंबुदूरहून सिंगपेरुमाळकोविलकडे जाणारा रस्ता वंडलूर-वालाजाबाद रस्त्याला जिथे छेदतो, तिथे ओरगडम आहे. अंबत्तूरजवळही याच नावाची एक वस्ती आहे, पण इथे बोलायचे आहे ते कांचीपुरम जिल्ह्यातल्या, कारखान्यांच्या ओरगडमविषयी. आपल्याकडे एमआयडीसीचे जे काम तेच तिकडे 'सिपकॉट'चे, आणि त्या महामंडळाच्या वसाहतीत २०१० साली रेनॉ-निसानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, २०१२ मध्ये डाइमलरचा भारतबेंझ ट्रकचा, २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डचा. म्हणजे सुरुवातीला फ्रेंच, जपानी, जर्मन आणि भारतीय मालकी, तमिळ जमीन, कामगार आणि इंजिनिअर देशभरातून आलेले. वाहनउद्योग म्हटला की पुणे-पिंपरी-चाकणचा पट्टा कुठेतरी येतोच. सुटे भाग पुरवणारा, साचे बनवणारा, यंत्र बसवून देणारा मराठी माणूस या कारखान्यांच्या पत्रव्यवहारात असणे अगदी स्वाभाविक आहे. या सगळ्यांची कामाची समाईक भाषा इंग्रजी आहे आणि ती जवळजवळ कोणाचीच मातृभाषा नाही. इंग्रजी उत्तरांना विशेषणे कशी लावली जातात आणि त्यातून काय बिघडते, हे पाहायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

विशेषणांची भाषेत वाण नाही. तुटक, मोघम, गुळमुळीत, थातूरमातूर, उडवाउडवीचे, खोचक, सडेतोड, मुद्देसूद, समर्पक, बाणेदार ही आपली यादी झाली. इंग्रजीत टर्स, कर्ट, ब्रस्क, व्हेग, इव्हेसिव्ह, कँडिड, प्रॉम्प्ट, रूड, फ्लिपंट, गार्डेड अशी तितकीच लांब यादी निघते. इंग्रजी संभाषणाच्या वर्गात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ही यादी पाठ करून घेतात, प्रत्येक शब्दापुढे एकेक मराठी अर्थ लिहून. पण ही सगळी विशेषणे एका जातीची नाहीत, हे तिथे कोणी सांगत नाही. काही विशेषणे उत्तराविषयी बोलतात: अपुरे, उशिराचे, प्रश्नाला सोडून दिलेले. काही उत्तर देणाऱ्याच्या मनाविषयी बोलतात: उद्धट, बेफिकीर, लबाड. आणि काही, सर्वांत साळसूद, उत्तर वाचणाऱ्याविषयी बोलतात आणि तरीही उत्तराच्याच कपाळी चिकटतात: असमाधानकारक, खटकणारे, अनपेक्षित. माझे म्हणणे असे की पहिल्या जातीची विशेषणे कामाची आहेत, कारण कागद समोर ठेवून ती पडताळता येतात. उरलेल्या दोन जातींची विशेषणे, विशेषतः परक्या इंग्रजीतल्या लेखी उत्तराला लावलेली, बहुतेकदा अंदाज असतात आणि तो अंदाज चुकतो तेव्हा त्याची किंमत उत्तर देणारा भरतो.

चुकतो तो का, याचे एक कारण आपल्या भाषांच्या घडणीतच आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या आणि सर्वनामाच्या पोटात असतो. 'पाठवलाय साहेब, बघून सांगतो' हे उत्तर कितीही छोटे असले तरी त्यात उर्मटपणाचा वाससुद्धा नाही. 'तुम्ही' म्हटले की निम्मे काम झाले, 'सांगा ना' म्हटले की उरलेले झाले. तमिळचेही तसेच आहे. तिथे 'नी' आणि 'नींग' यांत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'एवढेच अंतर आहे, आणि 'सोल्लु'ला शेपूट जोडून 'सोल्लुंग' केले की 'सांग'चे 'सांगा' होते. इंग्रजीकडे ही सोय नाही. तिथे साहेबालाही 'यू' आणि शिपायालाही 'यू', त्यामुळे सौजन्य वेगळ्या शब्दांनी बाहेरून आणावे लागते: प्लीज, कुड यू, वुड इट बी पॉसिबल, आय अ‍ॅम अफ्रेड. आता चाकणचा माणूस मनात 'पाठवलाय साहेब, बघून सांगतो' म्हणतो आणि लिहितो, 'मटीरियल डिस्पॅच्ड. विल चेक अँड टेल.' मजकूर जसाच्या तसा पोहोचला, आदर वाटेतच गळला. आणि तो गळला आहे हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या कानात अजून मूळ मराठी वाक्यच घुमत असते. वाचणारा शेरा मारतो: कर्ट. ही त्रुटी जाणवून आपली माणसे प्रत्येक ओळीत 'सर' पेरतात. मग तो मजकूर एखाद्या युरोपियन वाचकाला लाचारीचा वाटू शकतो. म्हणजे कमी लिहिले तर उद्धट, जास्त लिहिले तर लाळघोटे, आणि लिहिणाऱ्याचे मन दोन्ही वेळा तेच.

'बघू' हा शब्द तर या बाबतीत सगळ्यांत बदनाम. मराठीत 'बघू' आणि तमिळमध्ये 'पाक्कलाम' हे जवळजवळ जुळे भाऊ: दोन्हींत होकार आहे, दोन्हींत नकार आहे, आणि कोणता आहे ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून आणि मानेच्या हालचालीवरून कळते. पुण्याचा माणूस ओरगडमच्या तमिळ सहकाऱ्याचे 'पाक्कलाम' समोरासमोर ऐकून बरोबर ओळखेल. पण तोच शब्द 'वी विल सी' होऊन इमेलमधून आला की मान गेली, आवाज गेला, उरले ते उडवाउडवीचे वाटणारे तीन शब्द. जपानी माणसाच्या 'विचार करतो'मध्ये नकार दडलेला असतो आणि जर्मनाच्या 'नो'मध्ये राग नसतो, असे ठोकताळे परदेशी कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवले जातात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ च्या 'बियाँड कल्चर' या पुस्तकात काही समाज संदर्भावर अधिक विसंबतात आणि काही शब्दांवर, अशी मांडणी केली होती. या ठोकताळ्यांचे मूळ बरेचसे तिथे आहे. त्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण जपून वापरावेत. एका माणसाच्या उत्तरावरून त्याला विशेषण लावायचे नाही म्हणून आपण त्याच्या सगळ्या देशाला विशेषण लावले, तर आपण फारसे पुढे गेलो नाही.

सूर लेखी शब्दांतून पोहोचत नाही, हे नुसते मत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्ये गांभीर्याने आणि काही उपरोधाने दुसऱ्याला कळवायला सांगितली होती, कधी इमेलने तर कधी आवाजाने. आपला सूर साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखला जाईल असे इमेल पाठवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्के बरोबर आलेच असते. आवाजातून मात्र तोच सूर बराच अधिक पोहोचला. आणि हे प्रयोग इंग्रजीच बोलणाऱ्या समाजात झालेले. ज्या पत्रव्यवहारात लिहिणारा मराठीत विचार करतो, वाचणारा तमिळमध्ये आणि प्रत ज्याला जाते तो फ्रेंचमध्ये, तिथे सुराची ओळख याहून चांगली होत असेल असे मानायला काही आधार नाही.

मग उत्तराविषयी काही म्हणूच नये का? तसे नाही. उत्तराला नेमके विशेषण कसे लावावे, याचा एक उत्तम धडा आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशातला चौथा नियम टाळाटाळीच्या नकाराविषयी आहे. वादीने म्हटले की प्रतिवादीला अमुक रक्कम मिळाली, आणि प्रतिवादीने उत्तर दिले की 'मला तेवढी रक्कम मिळालेली नाही', तर ते पुरेसे नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असे त्याने सांगितले पाहिजे, किंवा किती मिळाला ते सांगितले पाहिजे. दाव्यात एखादी गोष्ट तिच्या सगळ्या तपशिलांसह सांगितली असेल, तर त्या तपशिलांसह नाकारणेही चालत नाही. हजार रुपये सोमवारी पुण्यात मिळाले या आरोपाला 'सोमवारी पुण्यात हजार रुपये मिळाले नाहीत' असे उत्तर दिले, तर नऊशे रुपये मंगळवारी साताऱ्यात मिळाले असण्याला पूर्ण वाव राहतो. या नियमाची खुबी अशी की 'टाळाटाळीचे' हे विशेषण तो प्रतिवादीच्या नियतीवरून ठरवतच नाही. प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून मधली फट मोजतो. फट दिसली की विशेषण लागले. माणूस लबाड आहे की नुसता गोंधळलेला, याची चौकशी करायची गरज नाही. आणि पाचवा नियम पुढचे पाऊल टाकतो: जे नेमकेपणे नाकारले नाही ते सर्वसाधारणपणे कबूल केले असे धरले जाते.

माहिती अधिकार कायदा, २००५, याच वाटेने गेला आहे. तीस दिवसांत उत्तर, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर चुकीचे, अपुरे किंवा दिशाभूल करणारे असेल तर विसाव्या कलमाखाली माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. विशेषणाला रुपयांत मोल असलेली अशी उदाहरणे विरळाच. पण तिथेही कायदा एक पायरी सोडत नाही: असे उत्तर जाणूनबुजून दिले होते का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते आणि दंडापूर्वी त्या अधिकाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. 'अपुरे' हे कागदावरून ठरते, 'जाणूनबुजून' हे माणसाला ऐकून. आपण रोजच्या व्यवहारात नेमके उलटे करतो. आधी मन ठरवतो, मग उत्तर वाचतो.

याच्या शेजारी सरकारी कचेरीतले ते प्रसिद्ध वाक्य ठेवून पाहा: 'आपला खुलासा समाधानकारक नसल्याने तो अमान्य करण्यात येत आहे.' कारणे दाखवा नोटीस मिळालेल्या कोणाही कर्मचाऱ्याला ते पाठ असेल, आणि त्याचे इंग्रजी भावंड, 'युवर रिप्लाय इज फाउंड अनसॅटिस्फॅक्टरी', ओरगडमसह देशातल्या कुठल्याही कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात भेटेल. खुलाशात काय कमी होते? तारीख? पुरावा? की खुलासाच मुळी दुसऱ्या आरोपाचा होता? काहीच कळत नाही. 'असमाधानकारक' हे विशेषण खुलाशाला चिकटवले असले तरी ते सांगते एवढेच, की साहेबांचे समाधान झाले नाही. कर्मवाच्य प्रयोगात साहेबही दिसत नाहीत, नुसते असमाधान तेवढे अधांतरी लोंबकळत राहते. आपल्या न्यायालयांनी यावर वारंवार बोट ठेवले आहे. सीमेन्स इंजिनिअरिंगच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाची कारणे देणे हे नैसर्गिक न्यायाचे मूलभूत तत्त्व असल्याचे म्हटले, आणि कारणे देणाऱ्या आदेशाला आपल्या वकिली इंग्रजीत 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात. बोलणारा आदेश. आदेशाला लावलेल्या विशेषणांत याहून चांगले विशेषण माझ्या पाहण्यात नाही.

विधिमंडळातली तऱ्हा आणखी मजेशीर आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत तारांकित प्रश्न 'हे खरे आहे काय' असा विचारला जातो आणि छापील उत्तरांत 'होय', 'नाही', 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' ही चार वाक्ये पुन्हापुन्हा भेटतात. 'अंशतः खरे' म्हणजे कोणता अंश, हे पुढे सांगितले असेल तर उत्तर झाले, नसेल तर नुसती सुटका झाली. यावर विरोधी बाकांवरून 'मोघम', 'दिशाभूल', 'पळवाट' असे शब्द येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून विरतात. संसदेने मात्र एक वेगळा मार्ग शोधला. लोकसभेत १९५३ पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे. 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती मागवली आहे' यांसारख्या वाक्प्रकारांची एक ठरीव यादी या समितीच्या कामात वापरली जाते. मंत्र्यांच्या उत्तरात त्यांतले काही आले की ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि साधारणपणे तीन महिन्यांत ते पुरे करणे अपेक्षित असते. सगळी आश्वासने वेळेत पुरी होतात असे कोणी म्हणणार नाही. पण दृष्टी पाहण्यासारखी आहे: गुळमुळीत उत्तराला गुळमुळीत म्हणून नाक मुरडायचे नाही, ते शब्दशः खरे धरायचे आणि तारीख मागायची. 'बघू' म्हणालात ना, मग कधी बघता ते लिहून द्या.

आता पुन्हा ओरगडम. वाहनउद्योगात तक्रारीला उत्तर देण्याचा एक ठरलेला साचा आहे, त्याला 'एट-डी' म्हणतात. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये तो आपल्या पुस्तिकेत बसवला आणि तिथून तो जगभर पसरला. डी-१ मध्ये कोण तपास करणार ते, डी-२ मध्ये दोष नेमका काय ते, डी-३ मध्ये तूर्तास सदोष माल कसा अडवला ते. हे तिसरे उत्तर बरेच ग्राहक २४ तासांत मागतात. डी-४ मध्ये मूळ कारण, आणि तेही दोन अंगांनी: दोष घडला का, आणि घडला तो घडला, तुमच्या तपासणीतून निसटला का. डी-५ आणि डी-६ मध्ये कायमचा उपाय आणि तो लागू झाल्याचा पुरावा, डी-७ मध्ये पुन्हा होऊ नये याची व्यवस्था, आणि डी-८ मध्ये तपास करणाऱ्यांचे अभिनंदन, जे बहुधा कोणी करत नाही.

समजा, चाकणहून गेलेल्या लॉटमधल्या काही ब्रॅकेटांचे भोक लहान निघाले. ओरगडमच्या लाइनवर बोल्ट बसेना. चाकणहून एट-डी भरून गेला. डी-४: 'ऑपरेटर नेग्लिजन्स'. डी-५: 'ऑपरेटर काउन्सेल्ड अँड ट्रेन्ड'. क्वालिटी विभागात ज्यांचा जन्म गेला ते हे उत्तर वाचूनच हसतील, कारण सगळ्या पट्ट्यात ते मुबलक पिकते. आता त्यावर दोन प्रकारे शेरा मारता येतो. एक: 'पुअर अँड केअरलेस रिप्लाय, नॉट एक्सेप्टेबल.' दोन: 'रीमर किती भोकांनंतर बदलतात, ते दिलेले नाही. प्लग गेज शिफ्टमध्ये किती वेळा लावतात, ते दिलेले नाही. लहान भोक तुमच्या अंतिम तपासणीतून कसे सुटले, ते दिलेले नाही.' पहिल्या शेऱ्यानंतर चाकणला काय होते? वरिष्ठ कनिष्ठावर ओरडतात, कनिष्ठ त्याच उत्तराला 'वी सिन्सिअरली रिग्रेट द इन्कन्व्हिनियन्स' असे तोरण बांधतो, ऑपरेटरला एकाऐवजी दोनदा ट्रेनिंग दिल्याचे लिहितो आणि पाठवतो. विशेषणाला उत्तर म्हणून विशेषणेच परत येतात. दुसऱ्या शेऱ्यानंतर कोणाला तरी मशीनपर्यंत चालत जावे लागते. तिथे कळते की भोक मापात आणणारा रीमर झिजला होता, झिजलेला रीमर भोक लहान काढतो, तो कधी बदलायचा याचा आकडाच ठरलेला नव्हता, आणि भोक तपासायचे गेज शिफ्टच्या सुरुवातीला एकदाच लागत होते. ऑपरेटर बिचारा सांगितले तेवढे करत होता. मशीनपाशी घडलेल्या चुकीचे खापर माणसाच्या स्वभावावर फोडू नये, यासाठीच तर जपान्यांनी पोका-योकेसारख्या, चूक होऊच न देणाऱ्या युक्त्या काढल्या. 'निष्काळजी' हे विशेषण ऑपरेटरला लावले तेव्हा चाकणचा माणूस जी चूक करत होता, तीच चूक 'केअरलेस रिप्लाय' म्हणणारा ओरगडमचा माणूस करत होता. दोघांनीही वस्तूऐवजी मन तपासले.

यात अधिकाराचा एक पदर आहे आणि तो झाकून चालणार नाही. विशेषणे बहुधा वरून खाली वाहतात. मोठ्या साहेबांनी चार पानी टिपणाला 'ओके' एवढेच उत्तर धाडले तर ते कामात आहेत. ट्रेनीने तेच केले तर त्याला शिस्त नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात या सवयीची थट्टा केली होती: एकाच गुणाला स्वतःसाठी एक विशेषण, समोरच्यासाठी दुसरे, पाठीमागच्यासाठी तिसरे, जणू क्रियापद चालवावे तसे. उत्तरांच्या बाबतीत ते असे चालेल: मी दिले ते मोजके, तुम्ही दिले ते तुटक, त्याने दिले ते उर्मट. आपल्या इतिहासात 'बाणेदार' हे विशेषण ज्या उत्तराला कायमचे चिकटले ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारले आणि रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे परंपरा सांगते. आज आपल्याला ते बाणेदार वाटते कारण प्रश्न कोणी विचारला आणि उत्तराची किंमत काय होती, हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे. राघोबादादांच्या गोटात त्या दिवशी कोणते विशेषण चालले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग सौजन्याला काही किंमतच नाही का. उत्तर बरोबर असले म्हणजे झाले, ते कसे दिले याने काही फरक पडत नाही? पडतो. अपमान होतो, आणि शब्दांनीच होतो. कागदावर दिसत नाही म्हणून तो झाला नाही असे म्हणणे हा दुखावलेल्यावर दुसरा अन्याय आहे. पण खरोखर अपमान करणाऱ्या उत्तरातला शब्द दाखवता येतो. 'तुम्हाला एवढेही कळत नाही का' हे वाक्य कोणत्याही भाषेतून कोणत्याही भाषेत नेले तरी टोचेल. जिथे असा शब्द बोट ठेवून दाखवता येत नाही, फक्त 'सूर बरोबर नव्हता' एवढेच म्हणता येते, तिथे फोन उचलावा. ज्या अर्थी आवाजातून सूर अधिक नीट पोहोचतो, त्या अर्थी सुराची तक्रार आवाजानेच सोडवणे शहाणपणाचे. नऊ जणांना प्रत लावून 'युवर टोन इज नॉट प्रोफेशनल' असे लिहिणाऱ्याला सुराची काळजी असते की आणखी कशाची, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. काही माणसे खरेच टाळाटाळ करतात, पुन्हापुन्हा करतात, आणि त्यांची उत्तरे सुटी सुटी घेतली तर निर्दोष दिसतात. अशा माणसाला 'टाळाटाळ करणारा' म्हणायचे नाही, तर मग म्हणायचे कोणाला? मान्य. पण इथेही विशेषण सगळ्यात शेवटी येते. ३ तारखेला विचारले, ५ ला 'बघतो' आले, १२ ला पुन्हा विचारले, १५ ला 'टीमला सांगितले आहे' आले, टीममधले कोण ते २० पर्यंत कळले नाही: एवढे लिहून झाल्यावर विशेषण लावले काय न लावले काय, वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. पुरावा असताना विशेषणाची फारशी गरज उरत नाही आणि पुरावा नसताना त्याचा अधिकार उरत नाही. मधल्या जागेत, जिथे थोडा पुरावा आहे आणि घाई आहे, तिथे ते वापरावे लागते हे खरे. माणसांना रोज निर्णय घ्यायचे असतात, खटले चालवायचे नसतात. अशा वेळी निदान मनाचे विशेषण टाळून कागदाचे घ्यावे. 'इव्हेसिव्ह' म्हणण्यापेक्षा 'इन्कम्प्लीट' म्हणावे. त्यात आपले काही जात नाही, आणि समोरच्याला उत्तर पुरे करायची वाट मोकळी राहते.

लेखक मंडळी तिसरा आक्षेप घेतील, आणि तो मला मनापासून पटतो: कादंबरीतून, चरित्रातून, अग्रलेखातून ही विशेषणे काढली तर भाषा कचेरीतल्या फाइलीसारखी होईल. खोचक, मिस्कील, मर्मभेदी, सणसणीत हे शब्द गेले तर वाचायचे कशाला? तिथे ती असावीत. कथेत लेखकाला पात्राचे मन खरोखर माहीत असते, कारण ते त्यानेच घडवलेले असते. तिथे 'तो तुसडेपणाने म्हणाला' हा अंदाज नाही, माहिती आहे. चरित्रकाराला ती सवलत नाही, पण तो उत्तर आणि विशेषण दोन्ही वाचकापुढे ठेवतो, मग वाचक ठरवतो की शब्द शोभतो की नाही. कचेरीतल्या गोपनीय अहवालात मात्र नेमके उत्तर गळते आणि विशेषण राहते. 'उत्तरे देण्याची पद्धत उद्धट' असे वर्षाअखेरीस लिहिले जाते, आणि ती उत्तरे कोणती होती हे तोवर लिहिणाऱ्यालाही आठवत नसते.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला एक नवे वळण मिळाले आहे. गूगलने २०१५ च्या सुमारास इमेलला तयार छोटी उत्तरे सुचवायला सुरुवात केली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने त्यापुढे जाऊन विचारतात, उत्तर कसे हवे: औपचारिक, आपुलकीचे, ठाम, नम्र? पूर्वी उत्तर आधी येई आणि विशेषण मागून, आता विशेषण आधी निवडायचे आणि त्या मापाचे उत्तर शिवून घ्यायचे. चाकणच्या ज्या माणसाला 'कर्ट' म्हटले जात होते, त्याच्या दृष्टीने ही मोठी सुटका आहे आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. इंग्रजी शाळेत न गेलेल्या माणसाला इतके दिवस जो दंड बसत होता तो आता बसणार नाही. पण त्याचबरोबर सुरावरून माणूस ओळखणाऱ्यांचे मोजमाप निकामी झाले आहे. नम्रता आता बटणावर मिळते, तेव्हा नम्र उत्तर पाहून 'माणूस जबाबदार दिसतो' असे म्हणणे आणि रोखठोक उत्तर पाहून 'माणूस उर्मट दिसतो' असे म्हणणे, दोन्ही सारखेच पोकळ. एट-डीच्या कागदावर याचा परिणाम लगेच दिसेल. इंग्रजी गुळगुळीत होईल, दिलगिरी सुंदर होईल, 'ऑपरेटर काउन्सेल्ड'च्या जागी त्याच अर्थाची तीन डौलदार वाक्ये येतील. रीमर किती भोकांनंतर बदलायचा ठरला आणि तो बदल कोणत्या तारखेपासून लागू झाला, हे डी-५ आणि डी-६ चे रकाने मात्र यंत्राला विचारून भरता येणार नाहीत, आणि ओरगडमला तपासायला बसलेल्याने आधी तेच दोन रकाने वाचावेत.